एका दिवसाला एक दात

३ फेब्रुवारी

ताईच्या पायाशी, पण हाताच्या टप्प्याबाहेरून,

फोन का उचलत नाहीस? चार वेळा केला. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. तूच लहानपणी म्हणायचीस, "ठोंब्या, तू तोंडाने खोटं बोललास की लगेच कळतं, कागदावर जरा बरं खपतं."

माझं उत्तम चाललंय. इतकं उत्तम, की काम करायला वेळ मिळत नाही. जानेवारीपासून मी स्वतःला शिस्त लावून घेतोय. एक जाड वही आणली आहे, दर पानावर दिवसाचे तास छापलेली. तीन रंगांची पेनं आणली. तातडीचं काम लाल, महत्त्वाचं निळं, आणि जे तातडीचंही नाही नि महत्त्वाचंही नाही ते हिरवं. गेला आठवडा सगळा हिरवा गेला. पण दिसायला पान फार सुंदर दिसतं.

शिवाय 'एकवीस दिवसांत उसळी' नावाचा एक वर्ग लावलाय, मोबाइलवर. शिकवणारे सर पहाटे साडेचारला उठतात आणि बर्फाच्या पाण्यात बसून बोलतात. आरशासमोर उभं राहून "मी थांबणार नाही!" असं तीनदा ओरडायचं असतं. मी ओरडलो. शेजारचा कुत्रा भुंकला, बायको म्हणाली, "तुम्ही सुरू तरी कुठे झालात?" घरातूनच असा पाठिंबा, मग माणसाने करायचं काय?

कामाचं म्हणशील तर फळीवर तेवीस जणांचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेत. त्यांच्या कवळ्या करायच्यात. होतील. सध्या जबडे भिंतीकडे तोंड करून ठेवलेत, धूळ बसू नये म्हणून.

हेडमास्तरांचं प्रकरण तुझ्या कानावर आलं असेलच. शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांचं भाषण होतं, 'स्पष्ट उच्चार आणि शिस्त' या विषयावर. "शिस्त" म्हणताना त्यांनी इतका जोर लावला, की मी केलेली वरची कवळी सुटली आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या मांडीवर जाऊन बसली. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. आता गावात ज्याच्याकडे मोबाइल आहे त्याच्याकडे तो आहे. माझं म्हणणं एवढंच, की नवी कवळी घालून माणसाने इतक्या जोरात बोलूच नये.

मला त्याचं काही वाटत नाही. तू कशी आहेस?

तुझा सुव्यवस्थित मामेभाऊ

*

१२ फेब्रुवारी

ठोंब्या,

पत्र वाचून मला कळेना, तू कवळ्या करतोस की स्टेशनरीचं दुकान काढलंयस. नमनाला घडाभर तेल म्हणतात, तू तर तेलाची विहीर खणायला घेतलीस. तेवीस माणसं दुधात पाव बुडवून दिवस काढताहेत आणि हा शहाणा हिरव्या पेनाने चौकटी रंगवतोय! चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आजवर मी देवाच्या नावावर खपवत होते. आता कळलं, तेवीस घरांतले दात तुझ्या फळीवर भिंतीकडे तोंड करून बसलेत.

धुळीसाठी म्हणे! धुळीसाठी फडकं टाकतात. तोंड फिरवतात ते लाजेसाठी.

व्हिडिओ मी पाहिला. दोनदा. हेडमास्तरांनी ओठ मिटून खाली बघितलं, तेवढं सोडलं तर बाकी सगळं हसण्यासारखंच आहे.

तुझ्या त्या बर्फातल्या सरांना विचार, त्यांनी आयुष्यात बर्फात बसण्याखेरीज दुसरं काय काम केलंय? रोज सकाळी "मी थांबणार नाही" म्हणून ओरडायला मोकळा असलेला माणूस थांबलेलाच असतो.

आता माझं ऐक. तेवीस कवळ्या करू नकोस. एकही करू नकोस. फक्त एक दात बसव. मेणात पटाशीचा एक दात उभा कर, हात धू आणि ऊठ. दुसऱ्या दिवशी दुसरा. एका दिवसाला एक दात. बाळाला आलेच की नाही असे एकेक? तुला तर फार उशिरा आले, आणि आल्याबरोबर पहिला चावा तू मला घेतलास.

माझा फोन बिघडलाय. आणि चांगला असता तरी मला वेळ कुठे आहे? संग्रहालयात शाळांच्या सहलींची रीघ लागलीये. रोज तीन-तीन गट. तेच भुसा भरलेलं अस्वल, तीच जुनी घड्याळं, बोलून बोलून जबडा दुखतो. तेव्हा तू पत्रच लिही.

ताई

*

२० फेब्रुवारी

ताई,

इतकी सोपी गोष्ट सांगून तू मला किती मोठ्या अडचणीत टाकलंस, तुला कल्पना नाही. तेवीस कवळ्या होत नाहीत हे माणूस चारचौघांत सांगू शकतो. लोक म्हणतात, बिचाऱ्यावर फार भार आहे. पण एक दात बसवला नाही, हे कोणाला सांगू?

बसलो होतो. खरंच बसलो. स्पिरिटचा दिवा पेटवला, मेण मऊ केलं, डबीतून दात निवडला. तो उचलून मेणाच्या कडेशी नेला आणि हात थरथरायला लागला. थोडं थांबलो, पुन्हा नेला. पुन्हा तेच. चौतीस वर्षं हेच काम करतोय मी. डोळे मिटून दात बसवून दाखवायचो, आठवतं ना तुला? आता दात मेणाजवळ गेला की मला त्या पहिल्या रांगेतल्या मुलीचं "ई!" ऐकू येतं. आणि मग सगळ्या हॉलचं हसू.

तो दात मेणात आडवा पडला. मी दिवा विझवला आणि वही काढून लिहिलं, "विश्रांतीचा दिवस". हिरव्या पेनाने.

बायकोला सांगितलेलं नाही. ती वजनमापं तपासणारी बाई. दुकानदाराने अर्धा ग्रॅम कमी तोललं तरी तिला नुसत्या नजरेने कळतं. तिला सगळं माहीत असणार. फक्त ती मी काटा टेबलावर ठेवायची वाट बघतेय.

वर्ग सोडला. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "अपयश ही भेट समजून तिला मिठी मारा." मला एकदम हेडमास्तर डोळ्यांसमोर आले. त्यांना मिठी मारायची माझ्यात हिंमत नाही.

ठोंब्या

*

१ मार्च

ठोंब्या,

म्हणजे आळस नाही, भीती आहे. आधी सांगायचं होतंस. आळसाला चाबूक चालतो, भीतीला चालत नाही. मागच्या पत्रात चाबूक शोधण्यात माझी दोन पानं वाया गेली.

तर दात राहू दे. दात फार मोठा झाला तुझ्यासाठी. उद्या फक्त एवढंच कर. फळीवरचा एक जबडा भिंतीकडून स्वतःकडे फिरव. कुठलाही. त्याच्या बुडाशी चिठ्ठी चिकटवलेली असेल, ती मोठ्याने वाच. हा कोण, काय करतो, तोंडात दात नसल्याने त्याचं काय अडलंय, ते आठव. बस. दिवा पेटवायचा नाही, मेणाला हात लावायचा नाही. चहा पी आणि घरी जा.

तू जबड्यांना घाबरलायस, कारण ते तेवीस आहेत आणि त्यांना माणसं नाहीत. प्लास्टरची रांग बघून कोणीही घाबरेल. एका माणसाला घाबरायला मात्र जरा मेहनत लागते.

आणि हात थरथरला तर थरथरू दे. तो थांबेपर्यंत बसून राहायचं. एवढ्यासाठी वहीत वेगळी चौकट आखू नकोस.

हे मी लाडाने सांगतेय असं समजू नकोस. तेवीसमधला एखादा माझ्यासारखा तोंडाळ असता तर एव्हाना तुझ्या दारात येऊन तुला चावला असता. अर्थात, हिरड्यांनी.

ताई

*

१९ मार्च

ताई,

बँडवाले काका निघाले.

म्हणजे मी जो जबडा फिरवला तो त्यांचा. ट्रम्पेट वाजवतात. मला माहीतच नव्हतं, म्हणजे माहीत होतं पण कधी विचार केला नव्हता, की ट्रम्पेटवाल्याला पुढचे दात लागतात. ओठाला मागून आधार नसला तर नुसती हवा निघते. चिठ्ठी वाचली आणि लक्षात आलं, हा माणूस पाच महिने गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. रोजच येतात म्हणे. मी मागच्या खोलीत जाऊन बसायचो, आणि बायको सुट्टीवर असली की तीच त्यांना "साहेब बाहेर गेलेत" सांगायची. तिने हे मला कधी ऐकवलं नाही बघ. या वेळी मी समोरच सापडलो. त्यांनी स्टूल ओढलं, बसले. म्हणाले, "मी काही विचारायला आलो नाही. घरी बसलं की बायको बोलते. इथे शांत असतं."

त्यांच्यासमोर पहिला दात बसवला. हात थरथरला. ते खिडकीबाहेर बघत ओठांनीच कसलीशी धून पुटपुटत होते, नुसतं फुस्स फुस्स. थरथर थांबली तेव्हा मी दात टेकवला. सरळ उभा राहिला. मी उठून हात धुतले. ते म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "आजचं झालं." ते म्हणाले, "बरं," आणि गेले. अशी गिऱ्हाइकं हल्ली मिळत नाहीत.

पुढचं सगळं सरळ झालं असं समजू नकोस. एका दिवशी अंगात आलं आणि पाच बसवले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तीन तिरपे. काढून टाकले, मग दोन दिवस दुकान उघडलंच नाही. पुन्हा एकावर आलो. आजपर्यंत अकरा झालेत. वहीची पानं फाडून प्लास्टर सांडतं तिथे पसरतो, तीन रंगांची वही शोषून मात्र छान घेते.

आता आनंदाची बातमी. बायकोला पुढच्या आठवड्यात तुझ्या गावातले काटे तपासायला यायचंय. दोन दिवस तुझ्याकडेच उतरेल. तुझ्यासाठी बदामाची कडक बिस्किटं पाठवतोय, तू डब्यातून चोरून खायचीस तीच.

तुझा अकरा दातांचा भाऊ

*

२४ मार्च

ठोंब्या,

अकरा दातांबद्दल शाब्बास. बाकीचे येऊ देत.

तिला पाठवू नकोस. घराला रंग लावतेय. सगळं सामान मधल्या खोलीत आहे, बसायला जागा नाही. शिवाय मला संग्रहालयाच्या कामासाठी बाहेरगावी जावं लागेल, नक्की कधी ते ठरलेलं नाही, पण त्याच आठवड्यात. गुडघाही धरलाय. तिची गैरसोय होईल. हॉटेल चांगली आहेत इथे.

बिस्किटं नकोत. गोड सोडलंय.

घाईत आहे.

ताई

*

६ एप्रिल

ताई,

घराला रंग लावतेयस, बाहेरगावी गेलीयस आणि गुडघा धरून घरीही बसलीयस. एका पानावर तीन थापा! मी तीन रंगांची पेनं वापरायचो ती यापेक्षा बरी.

तुला माहितीये तशी माझी बायको. तिला "येऊ नका" सांगितलं की ती आधी तिथेच जाते. तिचा धंदाच तो आहे. तिने मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

दार तीन वेळा वाजवल्यावर तू उघडलंस, ते चार बोटं. भिंतींचा रंग तोच, दहा वर्षांपूर्वीचा. तिने विचारलं, "वन्सं, झालं का रंगकाम?" तू तोंडावर रुमाल धरून काहीतरी म्हणालीस. तिला वाटलं सर्दी आहे. जेवायला सूप. दुसऱ्या दिवशीही सूप. बिस्किटाचा डबा तिने उघडला तर तू उठून आत गेलीस. मग संग्रहालयाच्या साहेबांचा निरोप आला, बाईंची तब्येत कशी आहे, चार महिने झाले, कधी येणार? तेव्हा तू तिच्याकडे बघितलंस आणि रुमाल खाली घेतलास.

ती मला एवढंच म्हणाली, "वरचे एकही नाहीत." आणि डोळे पुसले. वजनमापवाली बाई डोळे पुसत होती, ताई.

म्हणून फोन बिघडला. फोनवर तुझे शब्द घसरले असते. पत्रात घसरत नाहीत. चार महिने तू घरात बसून मला "फक्त एक जबडा फिरव" असं शिकवत होतीस, आणि स्वतःचा भिंतीकडे तोंड करून बसवला होतास. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिव्याने पडदेच लावून घेतलेत.

आणि माझा धंदा काय, हे तुला ठाऊक आहे ना? मी चप्पल शिवत नाही. सगळ्या जगात तुला उपयोगी पडेल असा एकच भाऊ देवाने दिला, आणि तू त्याला सांगतेस, गोड सोडलंय!

चार महिने झाले म्हणजे हिरड्या भरून आल्या असतील. माप द्यायला ये. नको, ती फार मोठी गोष्ट झाली. तुझ्याच भाषेत सांगतो. उद्या फक्त पडदा उघड. बस. चहा पी.

काकांची कवळी झाली. मेणातली दोनदा त्यांच्या तोंडात घालून बघितली, तिसऱ्यांदा पक्की केली. परवा दुकानासमोर उभं राहून त्यांनी ट्रम्पेट वाजवला. बेसूर. इतका बेसूर, की समोरच्या न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. काका म्हणाले, "कवळीचा दोष नाही, सवय गेलीये." मी आत जाऊन दुसरा जबडा फिरवला.

ठोंब्या

*

११ एप्रिल

ठोंब्या,

पडदा उघडला. समोरच्या बाईने हात केला. पुन्हा लावला. झालं समाधान?

तुझ्या बायकोला मी कधीही क्षमा करणार नाही. तिने माझी भांडी घासून ठेवली, त्याबद्दल तर नाहीच.

आता ऐक, म्हणजे पुन्हा विचारायला नको. नोव्हेंबरच्या शेवटी शाळेचा गट होता, साठ-सत्तर मुलं. अस्वलाच्या दालनातून खाली उतरायला सहा पायऱ्या आहेत. मी त्यांना सांगत होते, "मुलांनो, संग्रहालयात नेहमी खाली बघून चालावं." आणि मीच पायरी चुकले. कठड्याच्या पितळी गोळ्यावर तोंड आपटलं. तीन दात तिथेच गेले. बाकीचे आधीपासून हलत होते, डॉक्टरांनी सगळे वरचे काढून टाकले. ते नाही मला लागलं. पडल्यावर आधी एक पोर हसलं, मग सगळी. पोरंच ती. पण मी तोंडावर हात ठेवून उठत होते, बोटांतून रक्त येत होतं, आणि ती हसत होती, कारण त्यांना वाटलं मी गंमत करतेय. एकतीस वर्षं त्या दालनात मी गंमतच करत आले ना.

तुझ्याकडे का आले नाही? तुझा व्हिडिओ मी दोनदा नाही, रोज बघत होते. हेडमास्तर ओठ मिटून खाली बघतात, तेवढाच भाग. मला वाटलं, हा माणूस आता कुठे असेल? बाहेर पडत असेल का? माझी भीती त्यांच्यासारखं होण्याची होती, आणि ज्याने त्यांना तसं केलं त्याच्याकडेच मी तोंड उघडून बसू? लागलं तर लागू दे. तू माझ्या पडद्यांबद्दल लिहिलंस, मी हे लिहिलं.

म्हणून माझी अट अशी. तू आधी त्यांच्या दारात जाऊन उभा राहा. "जोरात बोलू नये" वगैरे मला सांगतोस ते त्यांना सांगून बघ. तेवीस जबड्यांत त्यांचा नाही, हे मला ठाऊक आहे, कारण ते तुझ्याकडे पुन्हा आलेच नसणार. तू जाऊन आलास, की मी माप द्यायला येते. नाही गेलास तर सूप वाईट नसतं.

ताई

*

३० एप्रिल

ताई,

अकरा दिवस गेलो नाही. बाराव्या दिवशी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. तेराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण घेतला, घरात चार असताना. मग तीन दिवस काही नाही. सतराव्या दिवशी फाटक.

सकाळची वेळ. हेडमास्तर झारीने कुंड्यांना पाणी घालत होते. वाळलेत. गाल आत गेलेत.

"कोण?"

"सर, मी... कवळीवाला."

झारी थांबली नाही. पाणी कुंडीतून माझ्या चपलांवर आलं.

मी खिशातून कागद काढला. तुला सांगतो, त्यात सहा कारणं लिहून नेली होती, आणि शेवटी माफी. ते म्हणाले, "कागद नंतर. एक विचारतो. मेणातले दात आधी तोंडात घालून बघतात. माझ्या मेहुण्याचे बघितले होते. माझे बघितलेस?"

त्यांचे शब्द ओठांतून घसरत होते, पण मला एकेक अक्षर कळलं.

"नाही, सर."

"का?"

"घाई होती. समारंभ दुसऱ्या दिवशी..."

"समारंभाची तारीख मी दोन महिने आधी सांगितली होती."

ताई, इथे मला सहाच्या सहा कारणं आठवत होती. पण कुंडीतलं पाणी पायांत साचलं होतं आणि माणूस समोर होता. मी म्हटलं, "वेळेत सुरूच केलं नाही, सर. दोन महिने आज करू, उद्या करू. शेवटी एका दिवसात उरकलं."

"म्हणजे गृहपाठ प्रार्थनेच्या घंटेला केलास."

"हो, सर."

"मग माझ्या जोरात बोलण्याने नाही पडली?"

"नाही, सर. ती हळू बोलूनही पडली असती."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही, बायकोलाही नाही. हात थरथरतो तो लोक हसले म्हणून, असं मीही धरून चाललो होतो. खरं म्हणजे माझ्या हातांना माहीत होतं.

त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणाले, "तो व्हिडिओ नातीने दाखवला. मी पंधरा-सोळा वेळा बघितला. शेवटी शेवटी मलाच हसू आलं. वाईट विनोद नव्हता. पण हसताना समोर आरसा होता, आणि तोंड उघडलं तर आत काहीच नाही. मग नाही हसलो." मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "पिशवीत काय आहे?"

मापाचं सामान होतं. तशी आशा धरून नेलं नव्हतं, पण नेलं होतं.

"आत ये. आणि घाई करू नकोस."

खिडकीपाशी खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड उघडलं. माझे हात थरथरायला लागले. मी म्हटलं, "सर, जरा थांबतो." त्यांनी मान हलवली. तसेच तोंड उघडं ठेवून बसून राहिले, किती वेळ, मला सांगता येणार नाही. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. मग थांबली थरथर. माप घेतलं. ते घट्ट होईपर्यंत बोलता येत नाही, तर त्यांनी हात पुढे करून माझा कागद मागितला. खिशातून लाल पेन्सिल काढली. सहा कारणांवर एक आडवी रेघ मारली. मग "दिलगीरी"तल्या 'ग'ची दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली आणि खाली सही केली.

मी गेलो होतो. आता तू ये.

ठोंब्या

ता. क. बसस्टँडवर न्यायला बायको येईल. मी काम करत असेन.

*

२ जुलै

ठोंब्या,

काल कामावर गेले.

मे महिन्यात तुझ्याकडे तीन वेळा आले, तीनही वेळा तू मला ताटकळत ठेवलंस, आणि शेवटच्या वेळी "अजून पक्की करत नाही, उजवी दाढ मला पटत नाही" म्हणून रिकाम्या तोंडाने परत पाठवलंस. कवळी एकदाची तोंडात बसली ती जूनच्या शेवटी. बसमध्ये मी तुला ज्या शिव्या दिल्या त्यांचे उच्चार काही धड झाले नाहीत. आता झाले असते. तुझ्या बायकोशी माझं बोलणं सुरू आहे, पण क्षमा वगैरे काही नाही.

काल मुलींच्या शाळेचा गट होता. अस्वलाच्या दालनापर्यंत ठीक गेलं. पायऱ्यांपाशी आले आणि पाय हलेना. पन्नास मुली मागे उभ्या, आणि मी कठडा धरून. शिक्षिका म्हणाल्या, "बाई, पुढे काय आहे?" मी म्हटलं, "थांबा जरा." आणि थांबले. त्यांना वाटलं मी अस्वलाचं काहीतरी आठवतेय.

मग एक शेंबडी पुढे आली. "इथे एक बाई पडल्या होत्या ना? माझ्या दादाने सांगितलं. तो होता तेव्हा. खूप हसले सगळे."

मी म्हटलं, "मीच ती."

तिचा चेहरा पडला. मी पितळी गोळा दाखवला. सांगितलं, कपाळ इथे नाही, तोंड इथे. तीन दात जागच्या जागी, बाकीचे नंतर. आणि आता आहेत ते माझ्या भावाने केलेत, सात आठवडे लावून, कारण तो ठोंब्या आहे. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या, हसावं की नाही. मी आधी हसले. तोंड उघडून. मग त्या हसल्या. पायऱ्या एकेक करून उतरलो, सगळ्यांनी खाली बघून. उतरायला अस्वलापेक्षा जास्त वेळ लागला. साहेब म्हणाले, बाई, हे रोज सांगू नका. मी रोज सांगणार आहे.

आता तक्रार. 'श' म्हणताना शिट्टी वाजते. डावीकडे मागे टोचतं. सफरचंद कापून खाता येतं, चावून नाही. हा तुझा चौतीस वर्षांचा अनुभव! शनिवारी येते, घासून दे. हेडमास्तरांची कशी बसली ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय, तुझा शब्द मी धरत नाही. आणि फळीवर अजून पंधरा आहेत असं तुझी बायको म्हणते. त्यांतले किती तुझ्याकडे बघताहेत, तेही मी येऊन मोजणार आहे.

हे पत्र वाचून झालं असेल तर खाली ठेव. उत्तर लिहीत बसू नकोस. तुझं उत्तर म्हणजे एक अख्खी सकाळ, आणि तेवढ्यात कोणाचा तरी एक दात होतो.

ऊठ.

ताई